तेवढं एक नाही आपल्याकडं

"काकू, बाकी सगळं काढून ठेवलंय, पण ते शेवटचं नाही आपल्याकडं."

किराणा दुकानातल्या पोराचा फोन. शेवटचं म्हणजे काय, मला काही आठवेना. सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी उघडून पाहिली. तूरडाळ दोन किलो, हिंगाची डबी, साबुदाणा अर्धा किलो, भांड्यांचा साबण, आणि त्याखाली – 'ती उंबऱ्यात उभी राहिली, पण आत कुणी तिची वाट बघत नव्हतं.'

पोरगं गुणी आहे. म्हणालं, "कोपऱ्यावरच्या दुकानात बघू का?"

झालं होतं असं, की मी भज्यांचं पीठ भिजवत होते. उजवा हात मनगटापर्यंत बेसनात, आणि तीन दिवस हुलकावणी देणारं ते वाक्य नेमकं तेव्हाच समोर येऊन उभं राहिलं. फोनवर यादी उघडीच होती, डाव्या हाताच्या अंगठ्यानं तिथंच टाइप केलं. नंतर हात धुतला, यादी पाठवली आणि वाक्य विसरले.

हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या मार्चमध्ये एका वाचनालयात माझी मुलाखत झाली. मार्चमध्ये आम्हा लिहिणाऱ्या बायकांना भाव येतो. एप्रिल लागला की तो हापूसकडं जातो. शाल झाली, श्रीफळ झालं, 'घर सांभाळून लिहितात' हेही झालं. मग मागच्या रांगेतल्या एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला सुचतं कसं?" मी माईक ओढून घेतला आणि अनुभव, वाचन, निरीक्षण असं तीन मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. घरी येताना रिक्षात मात्र चुटपुट लागली. त्या पोरीनं विश्वासानं विचारलं होतं आणि मी तिला निबंध ऐकवला.

खरं उत्तर असं, की मला हात ओले असताना सुचतं. किंवा पिठाचे, किंवा चिकट. फणस चिरताना तर इतकं सुचतं की विचारू नका, आणि बोटांना तेल लावून लावून चीक निघेपर्यंत त्यातलं निम्मं गेलेलं असतं. राहिलेलं निम्मं मी हाताला लागेल त्यावर उतरवते. दुधाच्या हिशेबाचं कार्ड, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, औषधाच्या दुकानाचं बिल. माझी एक अख्खी कथा भिंतीवरच्या कॅलेंडराच्या चौकोनांत, गॅसचा नंबर लावल्याच्या तारखांमधून वाट काढत लिहिलेली आहे. महिना संपल्यावर ह्यांनी सवयीनं पान फाडलं आणि कपाटाच्या फळीवर अंथरलं. शेवट वाचायला मला डबे उतरवावे लागले.

हे माझ्या एकटीचं खूळ असावं असं बरीच वर्षं वाटायचं. मग ओव्यांची आठवण झाली. एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं जात्यात वैरण, आणि तोंडानं ओवी. जात्याचा एक फेरा आणि ओळीचा एक टप्पा यांची जोडी बसलेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लाख! आणि त्या रचणारीच्या हातात लेखणी येण्याचा प्रश्नच नव्हता; हात तर पहाटेपासून खुंट्याला. बहिणाबाईंचंही तेच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता गाणं यायचं, आणि मुलगा सोपानदेव नाहीतर त्याचा मावसभाऊ पितांबर ते टिपून घ्यायचे. १९५१ साली त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. मला त्या टिपून घेणाऱ्यांचाच हेवा वाटतो. आमच्याकडं मी "अहो, जरा लिहून घ्या" म्हटलं की हे पेन शोधायला जातात ते चष्मा घेऊन परत येतात.

हात गुंतलेले असले की डोकं मोकळं होतं, असा एक छानसा सिद्धांत मी यावरून बांधला होता. पुढच्या मार्चला तोच सांगायचा असंही ठरवून ठेवलं होतं.

पण आमच्याच जिल्ह्यातल्या, फलटणच्या बेबीताई कांबळे आठवल्या की तो सिद्धांत मला तोंडातून काढवत नाही. त्यांचं छोटंसं दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, तीतले पेपर त्या वाचायच्या, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून वहीत लिहायच्या. लिहून झालं की वही घरच्यांच्या नजरेला पडणार नाही अशी लपवायची. एकदोन महिने नव्हे, वीसेक वर्षं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं ते १९८६ मध्ये. दुकानात हात गुंतल्यामुळं त्यांना बरं सुचत होतं, असं त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नसती. सुचलेलं असूनही ते लपवत राहावं लागणं ही गोष्ट वेगळी, आणि बेसनाच्या हातानं सुचण्यात जी काही गंमत आहे ती मला परवडते, कारण माझी वही कुणी फाडणार नाही. फार तर फळीवर अंथरतील.

दुर्गाबाई भागवतांचं आणखी निराळंच. एवढ्या व्यासंगी बाई, १९७५ च्या कराड संमेलनाच्या अध्यक्ष, आणि 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तकही त्यांचंच. स्वयंपाक म्हणजे लेखनाचा शत्रू, असं कुणी माझ्यापुढं मांडायला लागलं की मी दुर्गाबाईंना पुढं करते. अर्थात हौसेनं रांधणं आणि साडेनऊच्या डब्यासाठी रांधणं यात फरक आहे, हे मलाही कळतं. साडेनऊच्या डब्याची छत्तीस वर्षं झाली माझी.

तर आता डबा संपला आहे. हे निवृत्त झाले, मुलगा बंगळुरात. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मला टेबल आणून दिलं. खिडकीशी, अजिंक्यतारा दिसेल असं. वर वाकत्या मानेचा दिवा, आणि एक वही. वही कसली, नवरीमुलगीच: कापडी बांधणी, जाड पानं, खुणेला रेशमी फीत. "आई, आता निवांत लिही," म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मी निवांत बसले. सोमवारी बसले, मंगळवारी बसले. किल्ल्यावरचा मनोरा पाहिला, ढग पाहिले, दिव्याची मान खालीवर केली. वहीचं पहिलं पान इतकं कोरं आणि इतकं महाग, की त्यावर लिहायच्या लायकीचं वाक्य माझ्याकडं एकही नव्हतं. दुधाच्या कार्डाला कसलीच अपेक्षा नसते. जमलं तर जमलं, नाहीतर अर्धा लिटर म्हैस. या वहीला मात्र साहित्य हवं होतं. बुधवारी उठून मी उगीच मेथी निवडायला घेतली.

आणि ते उंबऱ्यातलं वाक्य? ते कथेत गेलं. मग चौथ्या खर्ड्यात मीच काढून टाकलं. कथा त्याच्यामुळंच सुरू झाली होती, पण पूर्ण झाल्यावर ते तिथं पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं दिसायला लागलं. दुकानातल्या पोराला हे सांगितलं नाही. अधूनमधून तो अजून विचारतो, "काकू, ते मिळालं का मग?"

काल सकाळी पुन्हा टेबलाशी बसले. रेशमी फीत बाजूला केली, पहिलं पान हातानं नीट सपाट केलं आणि वर तारीख घालून लिहिलं: शेंगदाणे एक किलो, गूळ, खोबरेल तेल, उदबत्ती. गुळापुढं 'चिक्कीचा' असं बारीक अक्षरात लिहिलं, तेव्हा पेनाची शाईही थोडी पसरली. मग पान उलटलं.