सही नसलेला हजेरीपट : ग्रँटच्या तपासणीचा माझा अनुभव

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात लोकशाही, मानवाधिकार आणि कामगार यांच्यासाठी एक ब्यूरो आहे. सगळे त्याला डीआरएल म्हणतात. जिमी कार्टर यांच्या काळात, १९७७ मध्ये त्याची सुरुवात झाली. देशोदेशींच्या मानवाधिकारांवर दरवर्षी निघणारा अहवाल बहुतेकांनी ऐकलेला असतो. ग्रँटचं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. ब्यूरो संस्थांना पैसे देतो आणि त्यातल्या काही संस्था ते पुढे परदेशातल्या छोट्या गटांपर्यंत पोचवतात. वॉशिंग्टनमधल्या अशाच एका मधल्या संस्थेत मी हिशेब सांभाळत होते, आणि आमच्याकडे तपासणीला लोक येणार असल्याचं पत्र आलं.

देखरेख कोण करतं हे आधी नीट समजून घ्यावं लागलं. ब्यूरोकडून रोजचा संबंध येतो तो ग्रँट ऑफिसरचा प्रतिनिधी आणि खुद्द ग्रँट ऑफिसर यांच्याशी. पहिला काम कसं चाललंय ते बघतो. पण कराराची अट बदलायची तर सही दुसऱ्याचीच चालते. पहिल्याने फोनवर ‘चालेल हो’ म्हटलेलं कागदावर शून्य असतं. त्यांच्या वर खात्याचे महानिरीक्षक. ते आम्हाला नव्हे, मुख्यतः ब्यूरोला तपासतात : पैसे दिले, मग लक्ष ठेवलं का, भेटी दिल्या का, त्याची नोंद फायलीत आहे का. आणखी वर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या समित्या, आणि त्यांच्यासाठी हिशेब तपासणारं, १९२१ च्या कायद्याने आलेलं सरकारी कार्यालय, गाओ. म्हणजे आमच्या ऑफिसात येणारी माणसं स्वतःचीही फाईल भरत असतात. हे कळल्यावर माझी भीती बरीच कमी झाली. त्यांना आम्हाला पकडायचं नसतं. आपण नीट पाहिलं हे उद्या त्यांनाही दाखवता यायला हवं असतं.

तयारीचा बराचसा भाग कंटाळवाणा होता. टाइमशीट बजेटप्रमाणे नाही, प्रत्यक्ष कामाप्रमाणे भरलेली हवी. सरकारी पैशाने विमानप्रवास केला तर, ठरावीक अपवाद सोडून, तिकीट अमेरिकन कंपनीचं हवं. भागीदाराला पैसे पाठवण्याआधी निर्बंधांच्या यादीत त्याचं नाव शोधलं, याचा तारखेसह पुरावा हवा. वर्षाचा सरकारी खर्च साडेसात लाख डॉलरवर गेला की स्वतंत्र ऑडिट सक्तीचं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून पुढे सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ही मर्यादा दहा लाख झाली आहे. हे सगळं कुणीही शिस्तीचा हिशेबनीस करू शकतो.

खरी अडचण होती हजेरीपटाची. आमचा भागीदार गट ज्या देशात काम करत होता (तो सांगत नाही, कारण पुढे कळेलच), तिथे मानवाधिकारांच्या प्रशिक्षणाला बसल्याचा कागद सापडला तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. आणि ऑडिटचा नियम म्हणतो, प्रत्येक खर्चाला पुरेसा पुरावा द्या. हजेरीपट म्हटलं की कुणालाही नाव, सही, फोन नंबरच आठवतो.

तिथे प्रत्येक सहभागी व्यक्तीला एक सांकेतिक क्रमांक होता. हजेरीपटावर, प्रवासभत्त्याच्या पावतीवर, प्रशिक्षकाच्या अहवालात तोच क्रमांक. क्रमांक कोणाचा, ही यादी भागीदाराकडच्या एकाच व्यक्तीजवळ, कागदावर. ईमेलने कधीच नाही. आमची कार्यक्रमप्रमुख प्रत्यक्ष भेटीत ती पाहून यायची आणि ‘पाहिली, जुळली’ एवढीच टीप लिहायची. ही पद्धत सुरू करण्याआधी ग्रँट ऑफिसरची लेखी मंजुरी घेतली होती. कुणी मला सल्ला विचारला तर मी हाच देईन : सवलत हवी असेल तर खर्च करण्याआधी मागा. नंतर मागितली तर ती सबब वाटते.

तपासणीला आलेल्यांनी खातेवहीतून नोंदी स्वतःच निवडल्या. आम्ही छान लावून ठेवलेल्या फायली त्यांनी जवळजवळ उघडल्याच नाहीत. हजेरीपटापाशी त्यांच्यातल्या हिशेब बघणाऱ्या बाई थांबल्या. म्हणाल्या, “या २७ जणांपैकी एक तरी खरा आहे, हे मी कशावरून मानू?”

प्रश्न अगदी रास्त होता. मानवाधिकारांचं काम आहे म्हणून खोटी बिलं लागतच नाहीत, असं कुठे आहे?

मी कागद एकमेकांशेजारी मांडले. हॉटेलच्या बिलातली जेवणाची ताटं, भत्त्याच्या पावत्या, प्रशिक्षकाने स्वतंत्रपणे नोंदवलेली उपस्थिती. ताटं दोन जास्त होती. ती प्रशिक्षकांची, आणि त्यांच्या करारात जेवण लिहिलेलं होतं. बाईंनी तेही काढून वाचलं. नावांची यादी त्यांनी मागितली नाही. अमेरिकी सरकारच्या ग्रँटच्या सामाईक नियमांतच एक कलम आहे : गुन्ह्याला बळी पडलेल्यांची खरी नावं नेहमीच्या देखरेखीत पाहता येत नाहीत; पाहता येतात ती अगदी अपवादात्मक परिस्थितीत, आणि तेही खात्याच्या प्रमुखाच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने. आमच्या सहभागींपैकी काहींनाच ते लागू पडत होतं. बाकीच्यांसाठी ती आधी घेतलेली मंजुरी कामी आली.

नाव उघड होण्याचा आणखी एक रस्ता असतो. २००६ च्या पारदर्शकता कायद्यामुळे सरकारी ग्रँट, आणि ३० हजार डॉलर किंवा त्यावरच्या उपग्रँटसुद्धा, सर्वांना दिसतील अशा जाहीर होतात. धोक्यातल्या गटांचं नाव झाकता येतं, पण ते मागावं लागतं. काही परदेशी संस्था त्या जाहीर नोंदींत ‘संकीर्ण परदेशी अनुदानप्राप्त’ अशा मोघम नावाखाली दिसतात. वरवर पाहणाऱ्याला ते संशयास्पद वाटतं. त्यामागे कुणाचा तरी जीव असू शकतो.

शेवटी पत्र आलं. पावती नसलेला टॅक्सीखर्च अमान्य झाला. तिथे टॅक्सीवाले पावती देत नाहीत हे खरं, पण प्रवासाची नोंदवहीही भागीदाराने ठेवली नव्हती. ते पैसे आम्ही आमच्या स्वतःच्या निधीतून परत केले. दुसरी शिफारस होती की सांकेतिक क्रमांकांची पद्धत संस्थेच्या लेखी धोरणात आणा, कारण ती चार जणांच्या डोक्यातच होती. धोरण लिहायला तपासणीपेक्षा जास्त वेळ गेला. यादी सांभाळणारी व्यक्ती अटक झाली किंवा देश सोडून गेली तर काय, यावर आमच्यात खूप वाद झाला. उत्तर ठरलं, पण ते इथे लिहिणार नाही. धोरण पाठवल्यावर शिफारस बंद झाल्याचं कळवलं गेलं. आता शेवटचा आर्थिक अहवाल दिल्यापासून तीन वर्षं ते सगळे कागद जपायचे आहेत.