गोडाची तलफ : रोजनिशीतील काही पाने

सोमवार, रात्री

गोडाची तलफ नेमकी कशी येते, हे मी गेले काही आठवडे लक्ष देऊन पाहते आहे. एक गोष्ट आता निःशंकपणे लिहून ठेवता येईल, ती म्हणजे तलफ भुकेसारखी येत नाही. भूक हळूहळू वाढते, पोटात जाणवते आणि पुढ्यात जे येईल त्याला होकार देते. तलफ मात्र एकाएकी येते, तिला एक ठरावीक पदार्थच हवा असतो आणि पोट भरलेले असले तरी तिचा जोर कमी होत नाही. दुपारी चारच्या सुमारास, एखादे किचकट काम हातावेगळे झाले की माझ्या डोळ्यांसमोर बिस्किटे येतात. उकडलेली कडधान्ये किंवा काकडी कधी येत नाही. तेव्हा मी स्वतःला विचारते की आत्ता साधे जेवण समोर आले तर मी ते खाईन का. उत्तर ‘हो’ असेल तर ती भूक आहे आणि तिला अन्न दिलेच पाहिजे. उत्तर ‘नाही’ असेल, तर शरीराला अन्नाची गरज नसून मनाला एका विशिष्ट चवीची ओढ लागलेली असते.

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांचे संशोधन वाचल्यापासून हा फरक मला अधिक स्पष्ट झाला. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती प्रत्यक्षात आवडणे, या दोन्हींसाठी मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणा असतात, असे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ नाहीसे केले होते, ते उठून अन्नापर्यंत जात नसत. पण त्यांच्या तोंडात साखरेचे पाणी घातले, तर त्यांच्या चेहऱ्यावर आवडीची खूण पूर्वीसारखीच उमटत असे. म्हणजे डोपामाइनचा मुख्य संबंध ओढीशी आहे, तृप्तीशी नाही. पाचवे बिस्कीट पहिल्याइतके गोड लागत नाही, तरीही हात पुढे जातो, याचा उलगडा मला इथे झाला. हात पुढे जाणे हा चारित्र्याचा दोष नाही, आणि तसे मानून स्वतःला दूषणे देत बसल्याने ओढ तसूभरही कमी होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मंगळवार

आज साखरेबरोबर पिष्टमय पदार्थांचाही विचार करायला हवा, कारण अनेक जण गोड सोडतात आणि त्याच प्रमाणात ब्रेड, चिप्स किंवा मैद्याचे खारे पदार्थ खाऊ लागतात. या पदार्थांतील स्टार्च, म्हणजे पिष्ट, हे ग्लुकोज या साध्या साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असते, आणि त्या तोडण्याचे काम लाळेतील अमायलेज हे विकर तोंडातच सुरू करते. ब्रेडचा तुकडा बराच वेळ चावत राहिले तर तो गोडसर लागू लागतो, तो यामुळेच. कोणत्याही एका क्षणी निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर ग्लुकोज असते. 330 मिलीलिटरच्या कोलाच्या एका डब्यात मात्र सुमारे 35 ग्रॅम साखर असते. इतका मोठा भार अचानक आला की स्वादुपिंडाला भरपूर इन्सुलिन सोडावे लागते, आणि काही जणांची रक्तशर्करा त्यानंतर दोन-तीन तासांनी मूळ पातळीच्याही खाली उतरते.

या उताराचे महत्त्व किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. एक हजाराहून अधिक लोकांची रक्तशर्करा सतत मोजली असता असे दिसले की, ज्यांच्यात खाण्यानंतर दोन-तीन तासांनी येणारा उतार मोठा होता, त्यांना भूक लवकर लागत होती आणि दिवसभरात ती माणसे अधिक खात होती. तोच नाश्ता करूनही प्रत्येकाचा उतार वेगळा होता, हे मला फार मोलाचे वाटते. शेजारी बसलेल्या माणसाला जे खाऊन काहीच होत नाही, त्याने आपल्याला मात्र दोन तासांत पुन्हा खावेसे वाटू शकते; आणि त्यात दोघांच्या निश्चयातील तफावत शोधण्याचे काही कारण नाही.

म्हणूनच मी चार वाजताच्या तलफेचा बंदोबस्त चार वाजता करण्याचे सोडून दिले आणि सकाळच्या खाण्याकडे वळले. जॅम लावलेल्या ब्रेडच्या जागी अंडी, दही, मोड आलेली कडधान्ये, सुकामेवा असे प्रथिने आणि तंतू देणारे पदार्थ घेऊ लागले. दुपारच्या जेवणातही भाज्या आणि प्रथिने आधी आणि पिष्टमय भाग शेवटी, हा क्रम पाळू लागले. क्रमाची ही गोष्ट वाटते त्याहून अधिक परिणामकारक आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात टाइप 2 मधुमेह असलेल्या लोकांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, तेच जेवण केवळ क्रम बदलून खाल्ल्यावर जेवणानंतरची रक्तशर्करा लक्षणीय कमी राहिली. ताटातून काहीही काढून न टाकता एवढा बदल घडत असेल, तर सुरुवात तिथून करावी. चारची ओढ माझ्या बाबतीत नाहीशी झाली नाही. पण पूर्वी ती काम बंद पाडत असे, आता काम चालू ठेवून तिच्याकडे पाहता येते.

गुरुवार

‘आजपासून साखर पूर्ण बंद’ हा संकल्प मी अनेकांकडून ऐकते, आणि तो करणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. पूर्ण बंदी काही जणांना मानवते, हे खरे. पण बंदीच्या जोडीला उपाशी राहणे आले, की तलफेला आपणच बळ देतो. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज 12 तास उपाशी ठेवून नंतर 12 तास अन्न आणि साखरेचे पाणी दिले, तेव्हा ते उंदीर काही आठवड्यांत अधाशासारखे साखर पिऊ लागले. ज्यांना साखर दिवसभर उपलब्ध होती, त्यांच्यात हे वर्तन तसे दिसले नाही. माणसाच्या बाबतीत साखरेला व्यसन म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत आणि उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीसुद्धा दुपारचे जेवण टाळायचे आणि संध्याकाळी डबा उघडून उभ्याउभ्या खायचे, हे चक्र मी इतक्या घरांत पाहिले आहे की त्या पिंजऱ्यातील वेळापत्रक मला अनोळखी वाटले नाही. तलफ कमी करायची असेल, तर पहिला नियम वेळेवर आणि पोटभर जेवण्याचा असावा.

दुसऱ्या बाजूला, सुरुवातीचे दिवस कठीण जातात म्हणून पुढचेही तसेच जातील, असे नाही. एखादा पदार्थ थोडे दिवस टाळला की त्याची ओढ वाढते, मात्र आहारातील बदल दीर्घकाळ टिकला की ती साधारणपणे ओसरते, असे या विषयावरील अभ्यासांत आढळले आहे. हे आधी ठाऊक असणे फार उपयोगी आहे, कारण बहुतेक माणसे ओढ सर्वांत तीव्र असतानाच माघार घेतात आणि हे आपल्याला आयुष्यभर जमणार नाही असा निष्कर्ष काढतात.

कर्बोदके, म्हणजे साखर आणि पिष्टमय पदार्थ, एकदम खूप कमी करणाऱ्यांनी आणखी एक हिशोब लक्षात ठेवावा. यकृत आणि स्नायू मिळून सुमारे 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा राखीव साठा, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. हा साठा उतरला की पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने घटते. त्यात चरबीपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. इन्सुलिन कमी झाल्यामुळे मूत्रपिंडांवाटे मीठही अधिक बाहेर पडते, आणि डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे हे त्रास बऱ्याच अंशी त्यातून होतात. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदके कमी करू नयेत, कारण तेवढ्याच औषधाने त्यांची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. ज्यांच्या आयुष्यात खाण्याशी संबंधित मानसिक आजार येऊन गेला आहे, त्यांनाही मी कोणत्याही बंदीपासून दूर राहण्यास आणि जाणकाराची सोबत घेण्यास कळकळीने सांगेन.

शनिवार, दुपार

आज तलफ आली तेव्हा मी जवळ वही ठेवली होती. प्रत्यक्ष खाण्याआधी मनात काय घडते, ते लिहून काढावे असा हेतू होता. आधी एक चित्र आले, मग वास, मग दाताखाली तुकडा मोडण्याचा आवाज. पुढची दोन-तीन मिनिटे मी नकळत त्या चित्रात भर घालत होते. तलफेवर संशोधन करणाऱ्या काही मानसशास्त्रज्ञांचेही हेच म्हणणे आहे: आपण मनात रंगवत असलेल्या प्रतिमांवर तलफ पोसली जाते. त्यामुळे प्रतिमा जिथे तयार होते ती जागाच दुसऱ्या कामाने व्यापली, तर तिचा जोर घटतो. प्लिमथ विद्यापीठातील प्रयोगांत टेट्रिस हा खेळ अवघी तीन मिनिटे खेळल्यावर लोकांची ओढ कमी झाल्याचे आढळले. आकार फिरवून जुळवण्यात मन गुंतले की पदार्थाचे चित्र रंगवायला जागा उरत नाही. मनात आकडेमोड करण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या वाटेचे वळण अन् वळण आठवणे मला अधिक लागू पडते, ते बहुधा यामुळेच.

दुसरा मार्ग चालण्याचा आहे. एक्सेटर विद्यापीठात चॉकलेट नेहमी खाणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत 15 मिनिटांच्या भरभर चालण्याने चॉकलेटची ओढ घटली होती. आणि तिसरा मार्ग, जो मला सर्वांत अवघड वाटला आणि आता सर्वांत जवळचा वाटतो, तो वॉशिंग्टन विद्यापीठातील अ‍ॅलन मार्लॅट यांनी व्यसनमुक्तीच्या कामातून पुढे आणला. तलफेशी झुंजायचे नाही आणि तिच्या मागेही जायचे नाही. ती लाटेसारखी चढते, शिखर गाठते आणि उतरते, हे शरीरात नेमके कुठे जाणवते आहे ते पाहत राहायचे. माझ्या बाबतीत ती जबड्यात आणि छातीच्या वरच्या भागात जाणवते. आजही ती तिथेच होती, आणि मी वहीत हे लिहीत असताना ती उतरत गेली.

रविवार

काल रात्री झोप अपुरी झाली आणि आज सकाळपासूनच गोडाचा विचार मनात घोळतो आहे. शिकागो विद्यापीठात 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांच्यातील तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले, आणि भूक सर्वाधिक वाढली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांसाठी. अशा दिवशी कठोर नियम करू नयेत, असे मी ठरवले आहे. जेवण नेहमीपेक्षा थोडे अधिक आणि वेळेत घ्यावे आणि रात्री लवकर झोपावे, एवढेच आज साधायचे आहे.

मंगळवार, रात्री

साखरेऐवजी कृत्रिम गोडवा घेतला तर काय बिघडते, असे एका मैत्रिणीने आज विचारले. कोलंबिया विद्यापीठातील एक संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात याचे निदान अर्धे उत्तर आहे. साखर आतड्यात पोहोचल्यावर आतडे आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून मेंदूला एक स्वतंत्र संदेश जातो, आणि ज्या उंदरांना गोड चव कळतच नव्हती, तेही या संदेशामुळे साखरेचे पाणी निवडायला शिकले. कृत्रिम गोड द्रव्याने तो संदेश जात नाही. जीभ गोड झाली तरी आतून मागणी चालूच राहते, ती कदाचित त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये वजन नियंत्रणासाठी अशी द्रव्ये वापरू नयेत, असा सल्ला दिला. मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही. साखरेच्या पेयापासून दूर येताना थोडे दिवस या कृत्रिम द्रव्यांचा आधार घेतला, तर मी कुणाला दोष देणार नाही.

माझा स्वतःचा भरवसा मात्र जिभेच्या बदलण्यावर आहे. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या 2016 मधील अभ्यासात काही महिने कमी साखर खाणाऱ्यांना तोच पदार्थ आधीपेक्षा अधिक गोड लागू लागला, आणि पुन्हा हवे तसे खाऊ लागल्यावर हा फरक ओसरला. म्हणून मी चहातली साखर एकदम न सोडता दर आठवड्याला थोडी उतरवत नेली. आता पूर्वीच्या मापाचा चहा मला पिववत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची मर्यादा, म्हणजे मुक्त शर्करा (मुख्यतः पदार्थात वरून घातलेली साखर) एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, हे माझे पहिले ध्येय होते. 2000 कॅलरींच्या आहारात ती 50 ग्रॅम होते आणि जमल्यास 25 ग्रॅमपर्यंत यावे असेही त्या संघटनेने सुचवले आहे. मध आणि फळांचा रस या हिशोबात धरले जातात; अख्खे फळ आणि साधे दूध धरले जात नाही. पुड्यावर डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप अशा नावांनी लिहिलेली साखरही यातच मोजावी लागते, आणि सॉस किंवा न्याहारीच्या तयार पदार्थांत ती किती असते हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आता उरली आहे ती रात्रीच्या जेवणानंतरची तलफ. तिचा संबंध मला रक्तशर्करेशी किंवा झोपेशी लागत नाही. दिवसभराची कामे संपली, आता काहीतरी आपल्यासाठी हवे, अशी ती मागणी असते. तिच्यासाठी न्याहारीतला बदल पुरेसा पडलेला नाही. पुढच्या आठवड्यात जेवण झाल्याझाल्या वाचनासाठी बसून पाहणार आहे, आणि त्या वेळेची नोंद वेगळ्या पानावर ठेवणार आहे.