लातूरच्या काळ्या मातीत बाग उभी करताना

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या शहरानं पाहिलंय, तिथं 'चला, झाडं लावू' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी कुठून देणार? कॉलनीतल्या पडीक बागेसाठी आम्ही पहिल्यांदा जमलो तेव्हा शेजारच्या काकूंनी हेच विचारलं. मला तो प्रश्न फार योग्य वाटला.

म्हणून रोपांची यादी करण्याआधी आम्ही बागेतला बंद पडलेला बोअर आणि लगतच्या समाजमंदिराचं छत बघितलं. हजार चौरस फुटांच्या छतावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. बोअरभोवती खड्डा घेऊन तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर वाळू भरली आणि छताचं पाणी पाइपनं त्यात सोडलं. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला वेगळी तोटी ठेवली. आता बोअर चालतो, उन्हाळ्यात मात्र थांबून थांबून. तेवढ्या पाण्यात जगतील इतकीच झाडं लावायची, हे तेव्हाच ठरलं. हजार रोपं लावून नऊशे जाळण्यापेक्षा शंभर जगवलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

जागा महापालिकेची, त्यामुळे लेखी परवानगी घेतली. वाळलेल्या सुबाभळी काढायच्या होत्या. शहरातलं झाड वाळलेलं असलं तरी १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून वृक्ष प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज दिला.

गाजरगवतानं खरा घाम काढला. ते फुलायच्या आत, जमीन ओलसर असताना मुळासकट उपटावं लागतं. त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास असेल तर तो वाढतो; त्यामुळे हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. लहान मुलांना आम्ही त्या कामाला येऊ दिलं नाही. मोकळ्या झालेल्या जागेत तरोट्याचं बी टाकलं. तरोटा दाट वाढला की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही.

खड्डे मे महिन्यातच खणले, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हात कशाला, असं काहींनी विचारलं. त्यावर आयुष्यभर शेती केलेले एक मामा म्हणाले, "ओल्या काळीत खोरं घालू नका. वाळली की दगड व्हती." अगदी खरं. शिवाय उन्हात तापलेल्या खड्ड्यातली कीडही कमी होते. भरताना काळ्या मातीत शेणखत आणि मुरूम मिसळला, म्हणजे पावसाळ्यात बुडाशी पाणी तुंबत नाही.

झाडांवरून बरीच चर्चा झाली. काहींना गुलमोहर हवा होता. तो दिसतो देखणा, पण मूळचा मादागास्करचा आणि वादळात त्याच्या फांद्या लवकर मोडतात. जिथं मुलं खेळणार तिथं तो नको, असं मी आग्रहानं सांगितलं. शेवटी कडुलिंब, करंज, चिंच आणि आपटा ठरले. विजेच्या तारांखाली बहावा आणि कांचन, लांबच्या कोपऱ्यात एक वड. पूजेच्या फुलांसाठी फाटकापाशी जास्वंद आणि पारिजातक, ही काकूंची मागणी.

लावणीच्या दिवशी गर्दी होते, खरी गरज मार्चनंतर लागते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. मुळं तुटतात, दिलेलं पाणी भेगांतून खोल निघून जातं. म्हणून वरची माती खुरप्यानं हलवून भेगा बुजवायच्या आणि आळ्यात सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट पसरायचं. आमच्या भागात ही दोन्ही मिळतात. ओळखीच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरभर आणून टाकलं, पैसे घेतले नाहीत. फक्त पाचट बुंध्याला टेकू द्यायचं नाही, वाळवी लागते. पावसाळ्यात उलट, बुंध्याशी मातीची भर द्यायची.

पाणी घालायच्या पाळ्या घरागणिक वाटल्या आहेत. कोणी गावाला गेलं तर शेजारच्याला सांगून जातं. काही रोपं जळाली. त्यांच्या जागी यंदा करंजच लावले, कारण तेच सगळ्यात चिवट निघाले. वड अजून कमरेइतका आहे. त्याला आणखी दोन उन्हाळे तरी पाणी द्यावं लागेल, आणि येत्या उन्हाळ्याच्या पाळ्या लिहून फाटकावर लावल्या आहेत.