कार्डे तूच वाच

वाक्य कौतुकाचे होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नाही, आणि बहुधा म्हणूनच ते आज दिवसभर डोक्यातून जात नाही. "कार्डे तूच वाच, म्हणजे आम्हालाही काही संधी मिळेल," असे काल प्रश्नोत्तरांचा खेळ मांडताना न. म्हणाली, दोन गट पडले आणि मी प्रश्नांचा खोका मांडीवर घेऊन कोणत्याच गटात नसल्यासारखी मधोमध बसले.

प्रश्न वाचणाऱ्याच्या ज्ञानाला किंमत नसते, कारण उत्तर त्याच्या हातातच छापलेले असते. कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, या प्रश्नाखाली 'शुक्र' एवढेच लिहिले होते. स्वतःभोवती फिरायला शुक्राला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५, हे खरे. पण सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजले, तर तिथला दिवस सुमारे ११७ दिवसांचाच भरतो, म्हणजे प्रश्नच अर्धवट आहे. हे सांगायला मी तोंड उघडले, तोवर वि.ने पुढचे कार्ड मागितले होते.

मी नकोशी झाले आहे का, की केवळ माझी उत्तरे नकोशी झाली आहेत? हा फरक मला रात्री फार महत्त्वाचा वाटत होता. मागच्या वेळी केळ्यावरून जे झाले ते इथे लिहीत नाही. वनस्पतिशास्त्राप्रमाणे केळे हे बेरी असते आणि स्ट्रॉबेरी नसते, एवढेच मी म्हणाले होते आणि तेही शांतपणे. न.चा चेहरा तेव्हा... असो.

झोप येईना, तेव्हा मला तो माहितीकोशाचा लेखक आठवला, ज्याने आपली नक्कल पकडता यावी म्हणून कोशात मुद्दाम एक खोटे उत्तर पेरून ठेवले होते. ते 'ट्रिव्हियल परस्यूट' या प्रश्नोत्तरांच्या खेळाच्या कार्डावर जसेच्या तसे उतरले, त्याने १९८४ मध्ये दावा लावला आणि तो हरला, कारण माहितीवर कोणाचीच मालकी नसते. मला त्याची फार कणव आली. मग लक्षात आले की हा किस्साही मी काल सांगायला निघाले असते.

खरे तर कालचा सर्वांत रंगलेला प्रश्न होता तो इतिहासातल्या सर्वांत लहान युद्धाचा. एक गट पंधरा दिवसांवर अडून बसला, दुसऱ्याने घासाघीस करीत तो आकडा दोन दिवसांवर आणला, आणि खेळाकडे लक्षच नसलेला वि. "जेवणाच्या सुट्टीएवढे असेल" असे पुटपुटला. १८९६ मधले ते ब्रिटन आणि झांझिबारचे युद्ध सुमारे ३८ मिनिटांत आटोपले होते. उत्तर वाचल्यावर जो गोंधळ उडाला, त्यात वि.ला खांद्यावर घ्यायचेच काय ते बाकी राहिले होते. मी गटात असते तर अडतीस मिनिटे हे उत्तर प्रश्न संपण्याआधीच देऊन टाकले असते, एक गुण मिळाला असता आणि पुढचे कार्ड आले असते.

हे मान्य करायला मला आज संध्याकाळ उजाडली. शिवाय वाचणाऱ्याकडे थोडी सत्ताही असते: कोणाला सूचक इशारा द्यायचा, कोणाच्या अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण द्यायचा, हे मीच ठरवत होते, आणि न.च्या गटाशी मी काल फार उदारपणे वागले असे म्हणता येणार नाही. पुढच्या वेळी वाळूचे घड्याळही माझ्याकडेच असावे, असे मी सर्वांना कळवून टाकले आहे. वि.ची हरकत नाही, न.चे उत्तर अजून आलेले नाही.