तुम्ही विचारलंत म्हणून: हे टिकतं का?

माझं काम बघायला आलेली माणसं थोडा वेळ गप्प उभी राहतात आणि मग हळूच विचारतात, "छान आहे हो, पण हे टिकतं का?" प्रश्न रास्त आहे. भंगारातलं लोखंड, द्राक्षाची काडी, वर्तमानपत्राचा तुकडा असं एका फळीवर बसवलेलं चित्र किती वर्षं राहणार?

पहिलं राहिलं नाही. जुन्या नाशकात एक वाडा उतरवत होते, तिथून दाराची लोखंडी कडी आणली. पातळ प्लायवर वर्तमानपत्र डकवलं आणि त्यावर फेव्हिकॉलने कडी बसवली. पावसाळ्यात प्लाय वाकला, कडी निखळली आणि ज्यांनी ते हौसेने घेतलं होतं त्यांच्या पांढऱ्या भिंतीवर गंजाचा ओघळ उतरला. त्यांनी बोल लावला नाही, पण मला फार लागलं. त्या दारावर कडीने कित्येक पावसाळे काढले होते, माझ्याकडे एकही निघाला नाही. खोट कडीत नव्हती, जोडात होती.

फेव्हिकॉल लाकडात, कागदात मुरतो म्हणून धरतो. लोखंडात मुरणार कुठे? आता धातू मी चिकटवतच नाही. अशाच जुन्या वाड्यांच्या सागवानी फळीला भोकं पाडून द्राक्षाच्या मांडवाच्या जुन्या तारेने बांधते. सुटा गंज तारेच्या ब्रशने झाडायचा, मग हिरड्याच्या काढ्याचा हात फिरवायचा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट अंश, लागलं की तांबूस गंज हळूहळू निळसर काळा पडतो. जुनी काळी शाई लोखंड आणि टॅनिनच्या याच मेळातून व्हायची. तो रंग चढताना बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता वेळ. वाळलं की वरून मेणाचा पातळ थर.

जोड पक्का असला की टाकाऊही टिकतं. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभं केलेलं चंदीगडचं रॉक गार्डन १९७६ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या मूर्तींवर फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांचे तुकडे आहेत, ते उघड्यावर ऊनपाऊस खातात, तरी टिकून आहेत. कारण ते सिमेंटमध्ये रुतवलेले आहेत.

द्राक्षाच्या काड्या मी बागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर निफाडकडून आणते. साल सोलावीच लागते, खाली पिठ्या ढेकूण ही द्राक्षावरची कीड दडलेली असते. वर्तमानपत्र मात्र पिवळं पडणारच. त्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, उजेडाने तो रंग बदलतो. घेणाऱ्याला मी हे आधीच सांगते. पिवळं होणं मला चालतं, सुटून पडणं नाही.

ती पहिली कडी मी परत आणून सागवानावर बांधून दिली. त्या घरातली नात येता-जाता ती वाजवते म्हणे. "आम्ही ओरडतो तिला," असं फोनवर सांगत होते. म्हटलं, ओरडू नका, वाजवू द्या.