रिंग जाते, पण कुणी उचलत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी मला कोटेशनसाठी बोलावलं होतं. जुनी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र, काढायची, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या फोन सेवेवर न्यायचं आणि ऑपरेटरचं टेबल बंद करायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. कारण बाहेरगावचे व्यापारी सारखे सांगत होते, "तुमच्याकडं रिंग जातीय, पण कुणी उचलंना झालंय." ठपका सगळा ऑपरेटर ताईंवर.

गर्दीच्या वेळी ऑपरेटरशेजारी बसल्याशिवाय मी कोटेशन देत नाही. सिस्टिम घेताना लोक आधी एक्स्टेंशन, म्हणजे आतले फोन मोजतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: ऐन गर्दीत एकाच वेळी किती जण बाहेर बोलत असतात? एक्स्टेंशन आपसात कितीही बोलोत, ती जोडणी ईपीएबीएक्स आतल्या आत करते. बाहेरचा प्रत्येक कॉल मात्र एक ट्रंक लाइन, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजकडून येणारी लाइन, अडवून ठेवतो.

ताई एका फोनवर तेलुगू, दुसऱ्यावर मराठी, विजयपूरच्या व्यापाऱ्याशी कन्नड बोलत होत्या. वाजलेला एकही फोन त्यांनी सोडला नाही. तरी तेवढ्यात मालकांच्या मोबाइलवर तीच तक्रार आली. मग ताई बोलत असतानाच मी मुख्य नंबर लावला. माझ्या कानात रिंग चालू, टेबलावर मात्र काहीच वाजेना.

कारखान्यात तांब्याच्या चार लाइन हंटिंगवर होत्या. म्हणजे मुख्य नंबर बिझी असला की एक्स्चेंज कॉल पुढच्या लाइनवर टाकतं. क्रोनवर, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवर, दुसरी लाइन सोडवून टेस्टर लावला, तर रिंग खणखणीत आली. लाइन परत ईपीएबीएक्सला जोडली की रिंग गायब. आणि याच लाइनवरून बाहेर फोन मात्र व्यवस्थित लागत होते, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता.

एक्स्चेंज लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी ठेवतं आणि रिंग द्यायची वेळ आली की ७५ व्होल्टच्या आसपास एसी सोडतं. बाहेरच्या लाइन ईपीएबीएक्समध्ये ज्या कार्डाला जोडतात त्या ट्रंक कार्डात ही रिंग ओळखणारा भाग वेगळा असतो, लाइन उचलून धरणारा वेगळा. इथं पहिला गेला होता, दुसरा शाबूत होता. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली तेव्हा ऑफिसातला मोडेम जळाला होता, असं ताईंनी सांगितलं. माझा संशय त्याच दिवसावर आहे.

कार्ड बिघडलंय हे एक्स्चेंजला कळायचा मार्ग नाही. फोन करणाऱ्याच्या कानातली रिंग एक्स्चेंजच ऐकवतं, त्यामुळं त्याला वाटतं, समोर घंटा वाजतेय. ताई एका फोनवर असताना आलेला दुसरा कॉल असा हरवायचा, त्याची रिंग चालू असताना आलेला तिसरा मात्र पुढच्या लाइनवर नीट लागायचा.

मालकांनी हे उभ्यानं ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माफ करा ताई, उगीच बोललो तुम्हाला." ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी किती दिवस ऐकून घेतलं असेल, या विचारानं मलाही राहवेना.

मग क्लाउडचं काय? विक्री विभागाला एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोन लाइन घ्या, असं मी सुचवलं. तिथली माणसं फिरतीवर असतात. ऑफिसचा नंबर त्यांना मोबाइलवर मिळेल आणि सुटलेल्या कॉलची नोंदही राहील. एका कॉलला दोन्ही बाजूंनी १०० केबीपीएसच्या आसपास लागतात, त्यामुळं इंटरनेट भरधाव असण्यापेक्षा न अडखळणारं हवं. आवाजाचं पॅकेट बहुधा दर २० मिलिसेकंदाला जातं, ते उशिरा आलं की शब्द तुटतात. माग चालतात त्या शेडमध्ये साधाच फोन ठेवा, पण मोठा हूटर आणि दिवा लावून. त्या खडखडाटात इंटरनेटवर चालणाऱ्या आयपी फोनची नाजूक रिंग ऐकणार कोण? शिवाय वीज गेली आणि यूपीएस बसला की आयपी फोन बंद पडतात. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजकडून येते, म्हणून दोन लाइन ठेवा आणि त्यातली एक पॉवर फेल्युअरला थेट गेटवरच्या फोनला जाईल अशी जोडा.

ऑपरेटरचं टेबल उठवू नका, हे मी निक्षून सांगितलं. 'मराठीसाठी एक दाबा' ऐकवणारं यंत्र व्यापाऱ्याची थकबाकी आणि घाई ओळखत नाही.

ट्रंक कार्ड बदललं. हंटिंगमधल्या प्रत्येक लाइनला स्वतःचा नंबरही असतो. ते सगळे ताईंनी वहीत लिहून घेतले. आता दर सोमवारी कामाआधी त्या मोबाइलवरून एकेक नंबर लावून घंटा वाजते का बघतात.