खेकडा हवा, थिओटार नको

हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळाच्या टूर्नामेंटमधला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे सामन्याच्या आधीची डोकेफोड. कॉन्क्वेस्ट या स्पर्धाप्रकारात चार डेक (पत्त्यांचे संच) न्यायचे, समोरचा त्यातला एक बॅन म्हणजे बाद करणार, उरलेल्या तिन्ही डेकनी एकेकदा जिंकायचं. २०१७ मध्ये मामेभावाचे आणि माझे वाद एकाच प्रश्नावर अडायचे: खेकडा घालायचा की नाही?

खेकडा म्हणजे गोलाक्का क्रॉलर हा पत्ता. किंमत दोन मॅना (पत्ते खेळायला लागणारी शक्ती), २/३ म्हणजे हल्ला २ आणि जीव ३, टाकल्याबरोबर पायरेट जातीचा एक पत्ता मारतो आणि स्वतः +१/+१ होतो. तेव्हा पॅचेस या पायरेट पत्त्याचा धुमाकूळ होता. पहिल्या टर्नला कुठलाही पायरेट टाका, पॅचेस डेकमधून फुकटात उतरणार आणि लगेच हल्लाही करणार. अशा वेळी खेकडा पडला की डाव फिरायचा. पण समोर पायरेट नसेल तर? दोन मॅनाला साधा २/३, बस्स. शिवाय ३० पत्त्यांत दोन खेकडे घातले आणि पहिली चाल आपली असली, तरी दुसऱ्या टर्नपर्यंत एक तरी हाती येण्याची शक्यता साधारण ३१ टक्के (सुरुवातीला पत्ते बदलता येतात ते धरलं नाही तर). म्हणजे बाकीचे काय आणतील हे ओळखल्याशिवाय खेकडा परवडत नाही. हे ओळखणं मी कौशल्यच मानतो, आणि त्याला नशीब म्हणणाऱ्यांशी मी मनापासून भांडतो.

स्कल्किंग गाइस्ट हा पत्ताही तसाच. जेड आयडल या एक मॅनाच्या स्पेलवर (जादूच्या पत्त्यावर) चालणाऱ्या ड्रुइड क्लासच्या डेकचा कणा मोडायचा, पण एक मॅनाचे स्पेल दोघांच्याही हातातून आणि डेकमधून जायचे. आपलेसुद्धा!

२०२२ मध्ये थिओटार हा पत्ता आला आणि हे गणितच संपलं. समोरच्याच्या हातातले तीन पत्ते बघा, हवा तो घ्या, बदल्यात आपला एखादा निरुपयोगी पत्ता गळ्यात मारा. डावभर आपले मिनियन (पटावर उतरणारे लढवय्ये पत्ते) मरवून वाढवलेला सायर डेनॅथ्रियस हा पत्ता असा एका चालीत पळवला जायचा. लांबणाऱ्या डावात तो कुणाविरुद्धही वाया जात नव्हता, मग घालायचा की नाही हा प्रश्नच कुठे उरला? ज्याच्या हाती आधी येईल तो पुढे. खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डने थिओटारची किंमत चारावरून वाढवत सहावर नेली. त्याने तो उशिरा पडू लागला, एवढंच. वर तो न्यूट्रल, म्हणजे कुठल्याही क्लासच्या डेकमध्ये बसणारा. एक डेक बॅन केला तरी उरलेल्या तिन्हींत तो असू शकायचाच.